दाढी होईपर्यंत

ही दोन हजार सालची गोष्ट. त्या वर्षी न्हाव्याच्या दुकानातल्या टीव्हीवर गाण्यांऐवजी दिवसभर शेअरचे भाव सरकत असत. वडिलांच्या वेळेपासून भाड्याने असलेलं ते दुकान घरमालकाने विकायला काढलं होतं. न्हाव्याने बायकोचे दागिने मोडून एका इंटरनेट कंपनीचे शेअर घेतले होते. ती कंपनी नेमकं करते काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. पण ते शेअर आता दुकानाच्या किमतीला आले होते. विकून मोकळे व्हा, असं बायको आठवडाभर सांगत होती. अजून थोडे चढले की शेजारचा गाळाही येईल, असं त्याचं म्हणणं.

त्या सकाळी खुर्चीत खुद्द घरमालक होता.

"उद्या तू मालक झालास की मला दाढीचे पैसे पडणार," तो म्हणाला. "आज जरा गुळगुळीत कर."

फोन वाजला. डबा घेऊन आलेल्या बायकोने उचलला. दलाल होता. भाव घसरू लागला होता. आत्ता घेणारे आहेत, पण शेअर ज्याच्या नावावर त्याच्याच तोंडून ऐकायला हवं, असं तो सांगत होता. तिने वायर ताणून रिसीव्हर नवऱ्याच्या कानाशी धरला.

"अहो, नुसतं विका म्हणा."

गळ्यावर वस्तरा असताना बोलायचं नाही, ही वडिलांची शिस्त. न्हावी बोलला नाही. वस्तरा क्षणभर उचलता आला असता. पण त्याची नजर टीव्हीवर होती, आणि काल सकाळी पडलेला भाव दुपारी पुन्हा वर आला होता. बायकोचा हात भरून आला, तरी तिने तो खाली केला नाही.

तुरटी फिरवून झाल्यावर त्याने फोन घेतला. "विका," म्हणाला, आणि बराच वेळ ऐकत राहिला.

"काय म्हणतोय?" घरमालकाने गाल चाचपत विचारलं.

"काही नाही. सगळे विकणारेच आहेत म्हणे."

दुसऱ्या दिवशीही घेणारा मिळाला नाही. पुढे कंपनीच उरली नाही.

दलाल गाव सोडून गेला. घरमालक दुकान एका सलूनवाल्याला विकून वर्षभरात वारला. बायको इस्पितळात चादरी धुवायला लागली. नवऱ्याला तिने कधी बोल लावला नाही. हळूहळू कशालाच काही म्हणेनाशी झाली. न्हावी त्याच जागी, नव्या मालकाकडे पगारावर राहिला.

एकदा एका कोवळ्या गिऱ्हाइकाने विचारलं, "काका, किती जुनं हो हे दुकान?"

"माहीत नाही," त्याच्या मानेवरचे केस झटकत तो म्हणाला. "मी इथे नवीन आहे."