न निवणारं ठिगळ

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत हॉलिसचा मुलगा डेरिक वाळूत पळवायची मोटार-बग्गी घेऊन ब्रॉलीजवळच्या वाळूच्या टेकड्यांत गेला. बग्गी उलटी सापडली, पोरगा सापडलाच नाही. शोधणाऱ्यांनी हात टेकले. हॉलिसने मात्र बग्गीचा तो फायबरग्लासचा जुना, फुटका सांगाडा घरच्या गॅरेजमध्ये आणून दुरुस्तीला घेतला. बग्गी धड झाली की पोरगा येईल, असा काहीतरी हिशेब त्याने मनाशी मांडला होता, आणि हिशेबाला तो पक्का.

चालकाच्या बाजूच्या भगदाडावर त्याने काचेच्या धाग्यांची जाळी पसरली, वर हार्डनर मिसळलेलं चिकट रेझिन थापलं. रेझिन घट्ट होताना तापतं आणि थोड्या वेळाने निवतं. हे ठिगळ दगडासारखं कडक झालं, पण आठवडा उलटला तरी निवलं नाही.

"हार्डनर जास्त पडलं असेल," त्याने बायकोला सांगितलं.

"जास्त? तू कधी कुणाला काही जास्त दिलंयस?" लुआन म्हणाली.

डेरिक गेल्यापासून तिने गॅरेजमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं. त्या संध्याकाळी आली. ठिगळावर तिने आधी तळहात ठेवला, मग उलटा हात, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.

"वाळूत आता किती गारठत असेल रे," ती म्हणाली, आणि अंगातला स्वेटर काढून तिने ठिगळावर पांघरला.

स्वेटर किंचित वर आला, खाली बसला. पुन्हा वर आला, खाली बसला.

"आहे," हॉलिस पुटपुटला. "अजून आहे."

पुढच्या खेपेला वर यायला स्वेटरने जरा जास्त वेळ लावला. त्यापुढच्या खेपेला त्याहून जास्त.