फुललेली बाही

शाळेचे गणवेश जिवंत बांबूच्या धाग्याचे होते. ते मुलींचा घाम पिऊन गार राहायचे. आज प्रार्थनेच्या वेळी यामिनीच्या बाहीवर पिवळसर तुरे फुटले.

"काप ते, नाहीतर घरी जा," मुख्याध्यापिका मोहितेबाई कात्री पुढे करत म्हणाल्या. "बांबू फुलणं म्हणजे अपशकुन."

"बाई, तो जन्मात एकदाच फुलतो. त्याला माझी बाही आवडली, त्याला मी काय करू? कापणार नाही मी."

"मग चालू पड."

यामिनी निघाली तेवढ्यात शेजारच्या तन्वीच्या कॉलरवर तुरा उमलला. मग अख्ख्या रांगेवर तुरे उमलत गेले.

"सगळ्यांचं कापड बांबूच्या एकाच बेटातलं आहे, बाई," यामिनी म्हणाली. "एक फुललं की सगळं बेट फुलतं. आता कुणाकुणाला घालवता?"

उत्तरासाठी मुली थांबल्या नाहीत. त्या यामिनीच्या मागोमाग फाटकाकडे निघाल्या.