पानथरीची रेघ

"रेघ आहे तिथेच आहे," असं म्हणून डॉक्टरने देवेशचा शर्ट खाली ओढला.

तीन वर्षांच्या देवेशच्या पोटावर, डाव्या बाजूला, बॉलपेनची निळी रेघ होती. त्याला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. अशा मुलांची पानथरी, म्हणजे प्लीहा, कधी कधी अंगातलंच रक्त ओढून घेते आणि काही तासांत फुगते. म्हणून त्याची आई नलिनी रोज सकाळी कामावर जायच्या आधी त्याचं पोट चाचपायची आणि पानथरीची कड लागेल तिथे रेघ मारायची. कड रेघेखाली उतरली की पोराला उचलून धावत यायचं, हे तिला याच कॅज्युअल्टीत शिकवलं होतं. आज मात्र कामावरून आल्यावर तिने पोट चाचपलंच नाही. पोराचा चेहरा बघितला आणि घाटकोपरची टेकडी उतरून रिक्षा धरली. आताही तिची नजर त्याच्या ओठांवरून हलत नव्हती.

"मॅडम, किती पांढरा पडलाय बघा ना. सकाळी मस्त खेळत होता."

"ही मुलं पांढरीच असतात हो. कड वाढली असती तर रेघेखाली लागली असती. ती रेघेवरच आहे." डॉक्टर तरुण होती, उर्मट नव्हती. पण मागे रांग दारापर्यंत गेली होती. "रक्त तपासायला पाठवलंय. रिपोर्टला दीड तास लागेल. तोवर बाहेर बसा."

नलिनीचा जीव भांड्यात पडला. तिने देवेशला खांद्यावर घेतलं. एरवी सुईला घर डोक्यावर घेणारा पोरगा आज कुरकुरलासुद्धा नाही.

दाराशी तिची सासू उभी होती. नातवाला सांभाळायला शेवंताबाई वडशाहून आली होती. घर सुनेचं, मिळकत सुनेची, तेव्हा ती जरा दबूनच राही. तिने पदर तोंडाशी धरला होता.

"बाहेर नको नेऊ वो," ती म्हणाली. "ते रेघ तुही नाही."

"म्हणजे?"

"आंघोळीत पुसल्या गेली. तू रागावशीन म्हणून दुपारी म्या काढली. तू करते तसंच चाचपून, कड लागली तिथंच."

डॉक्टर खुर्चीतून उठली. "सकाळी कुठे होती रेघ?"

नलिनीने शर्ट वर करून बरगडीखाली दोन बोटं ठेवली. निळी रेघ तिथून चांगली चार बोटं खाली होती.

म्हणजे दुपारपर्यंतच पानथरी तेवढी फुगली होती. डॉक्टरने सिस्टरला हाक मारली, पोराला पडद्याआड नेलं, रक्ताच्या पिशवीसाठी कुणीतरी पळालं. "वेळेत सापडलंय असं धरून चालू," जाता जाता डॉक्टर एवढंच म्हणाली.

बाकावर शेवंताबाई आपला उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून बसली. नलिनीला तो हात मुरगाळून टाकावासा वाटत होता. त्याच हाताने दुपारी पोराला वरणभात भरवला होता, हेही तिला ठाऊक होतं.

"वाचंन ना वो तो?"

नलिनी पडद्याकडून तिच्याकडे वळली.

"रेघ बरोबर काढलीत, आई," ती म्हणाली. "बोटभरसुद्धा चुकली नाही."