नितळ पाणी

ताई ऑपरेशनसाठी महिनाभर दवाखान्यात होती. "हौदातलं पाणी दर आठवड्याला बदल, फिल्टर धूत जा," एवढंच तिनं मला सांगितलं होतं. मी आज करू, उद्या करू म्हणत राहिले. पाणी हिरवं झालं, मग त्याला वास सुटला, आणि एका सकाळी तिचं कासव उलटं तरंगताना दिसलं.

मी ते कुंडीमागे पुरलं. हौद घासला, ताजं पाणी भरलं आणि दुकानातून तेवढ्याच आकाराचं दुसरं कासव आणून सोडलं.

ताई घरी आली ती थेट अंगणात. "पाणी किती नितळ ठेवलंयस गं! मी उगाच काळजी करत होते."

मला मान वर करवेना. तिच्या कासवाच्या पाठीचा टवका उडालेला होता. हौदातल्या दगडावर बसलेल्या या कासवाची पाठ अखंड होती.

"ताई, माझं चुकलं..."

पण ती दगडाकडे बघतच नव्हती. पाण्यात वाकून ओळखीचं हसत होती. मीही वाकले. पाण्यात कासवाचं प्रतिबिंब पडलं होतं. त्याच्या पाठीचा टवका उडालेला होता.

दगडावरचं कासव जराही हललं नव्हतं. पाण्यातल्यानं मात्र सावकाश मान माझ्याकडे वळवली.