मधली तार गप्प

“दोन्ही तारा एकदम, सिस्टर व्हेस्टा. एक पुढे गेली आणि दुसरी धापा टाकत मागून आली, असं नको.”

व्हेस्टानं गिटारवर पुन्हा बोटं ठेवली. पहिली तार आणि तिसरी. उजव्या हाताच्या चिमटीत दोन्ही धरून सोडल्या. मधली तारही बोललीच.

“मधलीला गप्प बसव,” ओडेल म्हणाला. “दोघींच्या मध्ये आहे म्हणून तिनं तोंड घालायलाच हवं असं नाही.”

ओडेल गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा. त्याच्या शेडमध्ये व्हेस्टा उन्हाळ्यापासून दर मंगळवारी येत होती, आणि चोरून येत होती. ती चर्चचा कारभार पाहणाऱ्या एल्डर हॅसलची बायको. त्यांच्या चर्चमध्ये वाद्य चालत नसे. देवानं गळा दिलाय, मग तार कशाला, असं हॅसल उपदेशात सांगायचा. या वर्षी तर जरा जास्तच मोठ्यानं सांगायचा. आणि एल्डरच्या घरात गिटार म्हणजे चर्चमध्येच गिटार, असं सगळं खोरं मानत होतं.

पण व्हेस्टाची धाकटी बहीण गेली होती. भांडी घासताना दोघी मिळून गायच्या, एक वरून, एक खालून. ती गेल्यापासून मोरीपाशी एकच आवाज उरला होता. एकदा या शेडवरून जाताना दोन तारा एकत्र वाजलेल्या तिनं ऐकल्या. दोघी बहिणीच गात होत्या जणू. तिचे पाय तिथेच थांबले.

“चर्चमधल्या त्या डोर्थानं माझी गाडी तुझ्या दारात पाहिलीय,” ती आज म्हणाली. “शनिवारच्या सभेत उठून बोलणार म्हणे.”

“डोर्थाला जेवण पचत नाही, चुगल्याच पचतात.”

“हसू नकोस रे. हॅसलचं एल्डरपद जाईल. माणूस वाळून जाईल माझा.”

“मग सभेआधी तूच सांग त्याला.”

“तोंड उघडेल का माझं?”

“नाही ना? मग वाजवून सांग.” ओडेलनं गिटार पेटीत ठेवली आणि पेटी तिच्या हातात दिली. “माझ्याकडून त्याला अक्षर कळायचं नाही. या शेडमधलं बाहेर जात नाही. तुझंही नाही, कुणाचंच नाही.”

संध्याकाळी हॅसल लाकडाच्या गिरणीतून उशिरानंच आला. प्रार्थना झाली. घेवडा आणि मक्याचा ब्रेड पानात पडला.

“ब्रेड खालून काळा झालाय गं.”

“तुझीच वाट पाहत होता बिचारा. आणि बोटांना काय झालं?”

“लाकडाची कुसळं गेली.” त्यानं डावा हात टेबलाखाली नेला.

जेवण झाल्यावर व्हेस्टानं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पलंगाखालून पेटी ओढून आणली. हॅसलचा चेहरा पांढरा पडला.

“ही कुठून आणलीस?”

“ओडेलकडून. आधी ऐक. मग काय बोलायचं ते बोल.”

प्रत्येक दफनाच्या वेळी हॅसल जे भजन उचलायचा, तेच तिनं सुरू केलं. तिच्या बहिणीलाही त्याच भजनानं निरोप दिला होता. तारा जोडीनं पडत गेल्या. ओळ संपली. तिला तेवढंच येत होतं.

“डोर्था शनिवारी बोलणार आहे,” ती खाली बघत म्हणाली. “मीच सभेत उभी राहून माफी मागेन. एल्डरना काही ठाऊक नव्हतं, असं सांगेन. तुझ्यावर काही येऊ देणार नाही मी.”

हॅसल उठला. खिडकीचा पडदा ओढून आला.

“इकडे दे.”

आता हॅसल ती ट्रकमध्ये टाकून परत करून येणार, असं तिला वाटलं. तिनं दोन्ही हातांनी ती पुढे केली. हॅसल खुर्ची ओढून बसला आणि गिटार त्यानं मांडीवर घेतली.

“तुझं एवढंच झालंय?” तो म्हणाला. “मला ओडेलनं पुढची ओळही शिकवलीय.”