आठ वाजताचा आकडा

दारात उभ्या माणसाला धाप लागली होती. गुडघे चिखलाने माखले होते.

"आज आकडा आला नाही," तो म्हणाला.

आवाज ऐकताच घड्याळजींनी त्याला ओळखलं. खालच्या पाऊस-कचेरीतला कारकून. चेहरा मात्र ते आज पहिल्यांदाच पाहत होते.

घड्याळजी तापाने फणफणले होते. घड्याळांचं दुकान विकून ते या टेकडीवर एकटे राहायला आले, त्याला बारा वर्षं झाली. माणसांवर राग नव्हता, फक्त शांतता हवी होती. रोज सकाळी अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं आणि आठच्या ठोक्याला कारकुनाला फोनवर आकडा सांगायचा, एवढंच त्यांचं बोलणं. पाऊस नसला तरी शून्य सांगायचं, कारण रिकामा रकाना म्हणजे मोजणाराच नाही. थोरल्या बहिणीने याच अटीवर त्यांना एकटं राहू दिलं होतं. ती दर महिन्याला कारकुनाकडे चौकशी करी. एक जरी रकाना रिकामा सापडला, तर ती येऊन यांची वळकटी बांधणार होती. बाई शब्दाची पक्की.

कारकुनाने कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, दूध तापवून पाजलं. एक शब्द जास्तीचा बोलला नाही. घड्याळजींना ते फार आवडलं. संध्याकाळी ताप उतरला तसे त्यांनी हात जोडले आणि चाचरत विचारलं, आजचा खाडा ताईला कळेल का? कळला तर टेकडी सुटली.

पाणी आपण मोजूनच आत आलो, असं कारकून म्हणाला. रकाना रिकामा राहणार नव्हता.

"आणि कचेरीतलं कुणी बोललं तर?"

"कोण बोलणार? तिथे चार वर्षांपूर्वी यंत्र बसलं. वही बंद झाली, मीही निवृत्त झालो. नंबर बदललाय म्हणून तुम्हाला आणि ताईंना दिला, तो माझ्या घरचा."

घड्याळजींचे डोळे भरून आले. हा भला माणूस चार वर्षं केवळ आपल्यासाठी बिनकामाचे आकडे लिहीत बसला होता. असं ते बोलूनही दाखवायला लागले, तर कारकुनाने त्यांना थांबवलं.

"तुमच्यासाठी कसलं, घड्याळजी. तुम्ही आपखुशीने एकटे राहता. माझी बायको गेली आणि माझ्यावर एकटेपण येऊन पडलं. आठला तुमचा फोन येतो, म्हणून मी सातला उठतो."

दोन दिवसांनी तो टेकडी उतरला. दुसऱ्या सकाळी आठला घड्याळजींनी आकडा सांगितला. मग बारा वर्षांत पहिल्यांदाच, फोन खाली न ठेवता, त्यांनी विचारलं, "चहा झाला का तुमचा?"