दोष पायाचा

गोधड्या शिवणाऱ्या काकू शिलाई मशीनचा पाय, सुईखाली कापड दाबून धरणारा, बदलून घ्यायला पुन्हा दुकानात आल्या. "हाही वाईटच निघाला. गोधडीवर नक्षी फिरवायला घेतली की टाके लहानमोठे पडतात," त्या वैतागून म्हणाल्या. उघडा पाय, गोल पाय, पारदर्शक पाय, सगळे लावून झाले होते.

दुकानदाराने पाय उलटसुलट करून पाहिला. या कामात कापड आपणच फिरवायचं असतं, टाका हाताच्या चालीवर पडतो, हे काकूंनीच त्याला शिकवलं होतं. पण काका आधीच सांगून गेले होते, "तिचा हात थरथरायला लागलाय. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. तिला अजून कळू दिलेलं नाही. तू आपला पायालाच नावं ठेवत जा."

"अख्खा लॉटच खराब आलाय, काकू," म्हणत त्याने तोच पाय नव्या डबीत घालून दिला.

काकूंनी डबी उचलली. ती त्यांच्या हातात खुळखुळत राहिली.

&nbsp;

"आमच्या ह्यांनी विचारलं तर हेच सांग हं. माझ्या हाताचं त्यांना अजून माहीत नाही."